देठाचा नियम : पुण्याजवळच्या नाकापासून मेंदूतल्या तारेपर्यंत

कंपवाताच्या रुग्णाच्या मेंदूत बारीक तार बसवून हाताची थरथर थांबवता येते, हे आता बऱ्याच जणांनी ऐकलेले असते. या उपचाराला डीप ब्रेन स्टिम्युलेशन, किंवा थोडक्यात डीबीएस म्हणतात. त्याबद्दल वाचताना आपले लक्ष साहजिकच मेंदूकडे जाते. मेंदूतला हरभऱ्याहूनही लहान असा नेमका ठिपका शल्यविशारद कसा शोधतात, याचे आपल्याला नवल वाटते.

पण तार अगदी अचूक जागी बसली, थरथर थांबली, रुग्ण घरी गेला, आणि तरीही पुढे सारे फसले, असे घडू शकते. अशा वेळी दोष मेंदूत नसतो, डोक्याच्या कातडीत असतो. जखम नीट भरत नाही, किंवा आतल्या तारेवरची त्वचा हळूहळू विरत जाते. त्या वाटेने जंतू आत शिरतात. शेवटी काही लाख रुपये खर्चून बसवलेले उपकरण काढून टाकावे लागते आणि थरथर परत येते. म्हणून या शस्त्रक्रियेचा इतिहास जसा मेंदूचा आहे, तसाच तो त्वचेचाही आहे. त्याचे एक महत्त्वाचे पान आपल्या पुण्याजवळ लिहिले गेले. या लेखात आपण तो दुसरा इतिहास पाहणार आहोत.

लंडनमधली दोन पुस्तके

१८१६ साली लंडनमध्ये जोसेफ कार्प्यू या शस्त्रवैद्याचे एक पुस्तक प्रसिद्ध झाले. गेलेल्या नाकाच्या जागी कपाळाच्या कातडीपासून नवे नाक कसे करावे, हा त्याचा विषय होता. पुढच्याच वर्षी, १८१७ मध्ये, त्याच शहरात जेम्स पार्किन्सन या डॉक्टरांनी थरथरीच्या एका आजारावर छोटेखानी निबंध छापला. हात विश्रांतीत असताना कापणे, चाल बदलणे, शरीर पुढे वाकणे ही लक्षणे त्यांनी इतकी बारकाईने टिपली, की पुढे त्या आजाराला त्यांचेच नाव मिळाले. आपल्या आयुर्वेदात कंपवात या नावाने ज्याचे वर्णन येते, तो बराचसा हाच आजार.

एक पुस्तक त्वचेचे, दुसरे थरथरीचे. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध असेल असे तेव्हा कोणालाही वाटले नसते. तो संबंध जुळायला सुमारे पावणेदोनशे वर्षे लागली. त्या संबंधाकडे वळण्याआधी कार्प्यू यांना ही विद्या मिळाली कोठून, ते पाहू.

पुण्याजवळचा कारागीर

ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या मासिकात हिंदुस्थानातून आलेले एक पत्र छापले गेले. त्यात कावसजी नावाच्या एका मराठा शेतकऱ्याची हकिकत होती. १७९२ च्या युद्धात तो इंग्रजी फौजेत बैल हाकण्याच्या कामावर होता. टिपूच्या सैन्याने त्याला पकडले आणि त्याचे नाक व एक हात कापला. सुमारे वर्षभर तो नाकाविना राहिला. मग पुण्याजवळ वीट पाडणाऱ्यांच्या जातीतल्या, म्हणजे बहुधा कुंभार असलेल्या, एका माणसाने त्याला नवे नाक करून दिले. या कारागिराचे नाव पत्रात नाही. मात्र ही शस्त्रक्रिया मुंबई इलाख्यातल्या दोन इंग्रज डॉक्टरांनी पाहिल्याची नोंद त्यात आहे. पेशव्यांच्या दरबारी वावरलेल्या जेम्स वेल्स या चित्रकाराने काढलेले कावसजीचे चित्रही पुढे प्रसिद्ध झाले.

त्या कारागिराची रीत अशी होती. आधी मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बसवून त्याला आकार द्यायचा. तो सपाट करून कपाळावर ठेवायचा आणि त्याच्या कडेने रेघ ओढायची. त्या रेघेवर कातडी कापून सोडवायची, पण दोन भुवयांच्या मधली एक अरुंद पट्टी न कापता तशीच ठेवायची. मग तो तुकडा पीळ देऊन खाली वळवायचा आणि नाकाच्या जागी बसवायचा. कडा चिकटवण्यासाठी काताचा लेप वापरत. विड्याच्या पानात आपण घालतो तोच हा कात. चार दिवस जखमेवर दुसरे काही नाही, त्यानंतर तुपात भिजवलेल्या कापडाच्या पट्ट्या. सुमारे पंचविसाव्या दिवशी, तुकडा नव्या जागी रुजल्यावर, ती भुवयांमधली पट्टी कापायची.

या सगळ्यातली किल्ली म्हणजे ती पट्टी. तोडलेले फूल देठावाचून कोमेजते, तशी पूर्ण सुटी केलेली जाड कातडी रक्तावाचून मरते. देठ राखला तर त्यातून रक्त येत राहते आणि कातडी जगते. पट्टी ठेवण्याचे हे कारण पत्रलेखकानेही स्पष्ट सांगितले आहे. सुश्रुतसंहितेत नाकासाठी गालाची त्वचा घ्यावी, पानाने माप काढावे आणि तुकडा एका बाजूने जोडलेला ठेवावा, असे सांगितले आहे. गालाऐवजी कपाळ आले, पानाऐवजी मेण आले, पण देठ राहिला.

कार्प्यू यांनी हे वाचले, आधी प्रेतांवर सराव केला आणि १८१४ साली लंडनमध्ये जिवंत माणसावर ही शस्त्रक्रिया केली. तेव्हापासून युरोपात ती ‘हिंदी पद्धत’ म्हणून ओळखली जाऊ लागली. देठासह उचललेल्या अशा त्वचेला आज जगभरचे शल्यविशारद फ्लॅप म्हणतात.

यंत्र आले, त्याला जागा हवी होती

आता थरथरीकडे वळू. पार्किन्सन यांच्या निबंधानंतर शंभरहून अधिक वर्षे या आजारावर समाधानकारक औषध नव्हते. १९६० च्या दशकात लेव्होडोपा हे औषध आले आणि रुग्णांच्या आयुष्यात मोठा फरक पडला. आपल्या रानात वाढणाऱ्या खाजकुयलीच्या बियांत हेच द्रव्य असते. दामोदरन आणि रामस्वामी या भारतीय शास्त्रज्ञांनी १९३७ साली ते त्या बियांतून वेगळे केल्याचे प्रसिद्ध केले होते, मात्र कंपवातातला त्याचा उपयोग पुढे बऱ्याच वर्षांनी उमगला. काही वर्षे घेतल्यावर या औषधाचा असर कमी-जास्त होऊ लागतो. अशा रुग्णांसाठी शस्त्रक्रियेची वाट खुली राहिली.

जुन्या शस्त्रक्रियेत मेंदूतला एक लहान ठिपका कायमचा जाळून टाकत. जाळण्याआधी जागा बरोबर आहे ना हे पाहण्यासाठी तिथे सौम्य वीज सोडत. फ्रान्समधल्या ग्रनोबल येथील आलीम-लुई बेनाबिद यांच्या लक्षात आले, की सेकंदाला शंभरहून अधिक वेळा वीज सोडली तर काही न जाळताच थरथर थांबते. मग जाळायचे कशाला? तार आतच ठेवावी आणि वीज सतत द्यावी. मेंदूत दीर्घकाळ तारा ठेवण्याचे प्रयत्न त्याआधीही झाले होते. आपल्याकडे मद्रासच्या डॉ. टी. एस. कनका यांनी १९७० च्या दशकात असे इलेक्ट्रोड बसवले होते. पण आजच्या डीबीएसची सुरुवात बेनाबिद यांच्या कामापासून मानली जाते.

यासाठीचे यंत्र हृदयाच्या पेसमेकरवरून घेतले गेले. त्याचे तीन भाग असतात. पहिला, मेंदूत जाणारी सुमारे सव्वा मिलिमीटर जाडीची तार. ती कवटीला पाडलेल्या छोट्या भोकातून आत जाते आणि भोकावर एक टोपण बसते. दुसरा, कानामागून मानेतून खाली उतरणारी जोडतार. तिसरा, गळ्याच्या हाडाखाली छातीच्या त्वचेखाली ठेवलेली आगपेटीएवढी बॅटरीची डबी.

म्हणजे टोपण, तारांचा जोड आणि डबी अशा तीन ठिकाणी कडक वस्तू थेट त्वचेखाली येऊन बसते. छातीवर निदान चरबीचा थर असतो. डोक्यावर काही मिलिमीटर जाडीची त्वचा आणि लगेच हाड. वर कातडी, खाली हाड आणि मध्ये धातू किंवा प्लॅस्टिक. झोपताना, टोपी घालताना, डोक्यावर ओझे घेताना कातडी या दोहोंमध्ये चिमटली जाते. कंपवाताचे रुग्ण बहुधा वयस्कर असतात, आजारात पुष्कळांचे वजन घटते आणि त्वचा आणखी पातळ होते.

१९८७ : एक साल, तीन शोधनिबंध

योगायोग असा, की बेनाबिद यांचा शोधनिबंध ज्या १९८७ साली आला, त्याच साली आणखी दोन निबंध प्रसिद्ध झाले. त्यांचा मेंदूशी काही संबंध नव्हता. पण तिन्ही शेजारी शेजारी ठेवले, की आपला प्रश्न उलगडू लागतो.

पहिला निबंध अमेरिकेतल्या अँथनी ग्रिस्टिना यांचा. शरीरात परकी वस्तू ठेवली, की तिच्या पृष्ठभागासाठी शर्यत लागते, असे त्यांनी मांडले. एका बाजूला शरीराच्या पेशी, दुसऱ्या बाजूला जीवाणू. पेशी आधी पोहोचल्या, तर वस्तू शरीरात सामावते. जीवाणू आधी पोहोचले, तर ते तिथे चिकट थर तयार करून त्याच्या आड दडतात. प्रतिजैविके आणि पांढऱ्या पेशी या थराला पुरेसे भेदू शकत नाहीत. म्हणूनच एरवी गोळ्यांनी बरा होणारा संसर्ग यंत्रावर जडला, की पुष्कळदा यंत्रच काढावे लागते. याचा धागा आणखी मागे जातो. १९५७ साली एलेक आणि कॉनेन यांनी दाखवले होते, की माणसाच्या निरोगी त्वचेत पू व्हायला स्टॅफिलोकॉकस जातीचे दहा लाखांहून अधिक जीवाणू लागतात. पण तिथे रेशमाचा एक टाका असेल, तर काहीशे जीवाणूही पुरतात. एका टाक्याने इतका फरक पडतो, तर तार आणि डबी यांचे काय, याचा विचार करावा.

दुसरा निबंध ऑस्ट्रेलियातल्या टेलर आणि पामर यांचा. मृतदेहांच्या रक्तवाहिन्यांत क्ष-किरणांत दिसणारे द्रव्य भरून त्यांनी त्वचेला रक्त कोठून येते याचा नकाशा तयार केला. सबंध शरीराचे त्यांनी सुमारे चाळीस प्रदेश केले, प्रत्येकाची स्वतःची मुख्य रक्तवाहिनी असलेले. देठात नेमके काय असते हे या नकाशातून दिसू लागले. पुण्याच्या कारागिराने भुवयांमध्ये जी पट्टी राखली होती, तिच्यातून कपाळाकडे चढणारी एक धमनी जाते. त्याच्याजवळ नकाशा नव्हता, पण पिढ्यांच्या अनुभवाने त्याने जागा अचूक निवडली होती.

डोक्याच्या त्वचेला प्रत्येक बाजूने पाच धमन्या रक्त पुरवतात. दोन कपाळाकडून, एक कानशिलावरून, एक कानामागून आणि एक मानेकडून. सगळ्या कडेकडून वर माथ्याकडे चढतात. आपल्या विषयासाठी ही गोष्ट फार महत्त्वाची आहे, कारण डोक्यावर छेद कसा घ्यावा याचे उत्तर तिच्यात आहे.

छेद कसा घ्यावा?

भोक पाडायचे तेवढ्या जागेवर सरळ रेघेत छेद घेणे सर्वांत सोपे. पण मग टाक्यांची ओळ बरोबर टोपणावर येते. भरत असलेली जखम हा त्वचेचा सर्वांत दुबळा भाग, आणि खालून कडक वस्तूचा दाब पडतो तोही तिथेच. म्हणून अनेक शल्यविशारद कमानीसारखा वाकडा छेद घेऊ लागले. कमानीतली त्वचा झडपेसारखी उलटायची, काम झाल्यावर परत बसवायची. टाके आता यंत्राच्या बाजूला जातात आणि यंत्रावर अखंड त्वचा येते. या झडपेचा देठ डोक्याच्या कडेकडे, म्हणजे धमन्या जिथून येतात तिकडे, ठेवायचा. पुण्याजवळच्या त्या रीतीतला नियम इथे जसाच्या तसा लागू होतो.

यावर सर्वांचे एकमत झालेले नाही. काही शल्यविशारद सरळ छेद घेतात, पण कडा सैल करून यंत्राचा भाग छेदापासून दूर सरकवतात. सरळ छेदात कमी वाहिन्या कापल्या जातात, असे त्यांचे म्हणणे. पण टाक्यांच्या ओळीखाली यंत्र नको आणि त्वचेचे रक्त तुटू नये, या दोन अटी दोघांनाही मान्य आहेत.

याच्या जोडीला आणखी काही सुधारणा झाल्या. टोपण आणि जोड हाडातच उथळ खळगा करून बसवले, तर वर उंचवटा राहत नाही. टोपणेही चपटी होत गेली. त्वचेखालचा चिवट पडदा आधी वेगळा शिवायचा आणि मग त्वचा, म्हणजे ताण वरच्या टाक्यांवर येत नाही. केस वस्तऱ्याने भादरण्याऐवजी यंत्राने बारीक करायचे, कारण वस्तऱ्याच्या न दिसणाऱ्या ओरखड्यांत जीवाणू वाढतात. छेद घेण्याच्या तासाभरात आधी प्रतिजैविक द्यायचे, म्हणजे शर्यत सुरू होताना औषध रक्तात हजर असते. मधुमेह आधी आटोक्यात आणायचा. डबी बदलण्यासाठी दर काही वर्षांनी जुनी जखम पुन्हा उघडावी लागते, आणि प्रत्येक वेळी धोका नव्याने येतो. बाहेरून चार्ज करता येणाऱ्या बॅटऱ्यांनी या फेऱ्या कमी केल्या.

एवढे करूनही धोका शून्यावर आलेला नाही. वेगवेगळ्या ठिकाणच्या अहवालांत संसर्गाचे प्रमाण शेकडा एक-दोनपासून दहाच्याही वर गेलेले दिसते. संसर्ग झाल्यास मेंदूतली तार वाचवण्यासाठी आधी डबी आणि जोडतार काढतात. जंतू तारेवरून मेंदूपर्यंत पोहोचणे दुर्मीळ आहे, पण अशक्य नाही. अनेक वर्षे चालू असलेली वीज एकदम बंद झाली, तर काही रुग्णांचे शरीर इतके ताठरते की जिवावर बेतू शकते. नुसती कातडी विरली असेल, तर शेजारची त्वचा देठासह वळवून यंत्र झाकता येते. तिथे तर कार्प्यू आणि पार्किन्सन यांची दोन पुस्तके अक्षरशः एकत्र येतात.

मुंबई आणि वाणगाव

आजच्या स्वरूपातले डीबीएस आपल्याकडे १९९० च्या दशकाच्या अखेरीस आले. मुंबईच्या जसलोक रुग्णालयात डॉ. परेश दोशी यांनी केलेल्या शस्त्रक्रिया दक्षिण आशियातल्या पहिल्या मानल्या जातात. २०११ साली त्यांनी आपल्या रुग्णांतील दीर्घकालीन गुंतागुंतींचा हिशेब एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात मांडला. यशाचे आकडे सगळेच सांगतात. काय बिघडले ते मोजून छापल्याशिवाय रीत सुधारत नाही, हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावे असे आहे.

पण शस्त्रक्रिया मुंबईत झाली तरी त्वचा भरायची ती घरी. आमच्या वाणगावहून मुंबईची मोठी रुग्णालये शंभराहून अधिक किलोमीटर दूर आहेत. २०१३ साली लोकल डहाणू रोडपर्यंत आली, तरी थरथरणाऱ्या माणसाला दर आठवड्याला जखम दाखवायला नेणे सोपे नाही. संसर्ग बहुतेक वेळा पहिल्या काही महिन्यांत होतो, तर त्वचा विरण्याचा प्रकार काही वर्षांनीही उद्भवतो. म्हणजे खूण पहिल्यांदा दिसणार ती घरच्यांना, शेजाऱ्यांना किंवा गावातल्या आशाताईंना. टाक्यांजवळ लाली, पाझर, कानामागे किंवा डोक्यावर चकचकीत पातळ झालेली त्वचा, आतली तार वर उमटून दिसणे, खपली पुन्हा पुन्हा धरणे, या त्या खुणा. यांवर नुसते मलम लावून वाट पाहायची नाही, शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना लगेच कळवायचे. बाजारातली टोपली, पाण्याचा हंडा, लाकडाची मोळी डोक्यावर घेणाऱ्या आपल्या भागात, आणि बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत दिवसभर कडक शिरस्त्राण घालणाऱ्यांत, डोक्यावर दाब पडू न देण्याची सूचना विशेष महत्त्वाची ठरते.

या ठिकाणी डॉ. नोशिर अँटिया यांची आठवण होते. इंग्लंडमध्ये हॅरोल्ड गिलीज यांच्या हाताखाली शिकलेल्या या प्लॅस्टिक सर्जननी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात काम केले आणि कुष्ठरोगाने नाक बसलेल्या रुग्णांना नवे चेहरे दिले. त्याच अँटियांनी पुढे अलिबागजवळच्या मांडवा भागात गावातल्या साध्या स्त्रियांना आरोग्याचे काम शिकवले. जाणते डोळे गावातच असावेत, हा त्यांचा आग्रह होता. शस्त्रक्रिया कितीही गुंतागुंतीची असो, जखमेवर नजर ठेवण्याचे काम गावातही शिकता येते.

वर्गात करून पाहू

१. पारदर्शक फूटपट्टीची सपाट बाजू बोटाच्या टोकावर दाबा. त्वचा पांढरी पडते, कारण तिथले रक्त बाजूला सरते. दाब काढल्यावर रंग परत यायला किती वेळ लागतो ते मोजा. निरोगी बोटाला साधारण दोन सेकंद पुरतात. हाच दाब दिवसचे दिवस राहिला तर काय होईल, यावर चर्चा करा.

२. कागदावर मोठे वर्तुळ काढा. हे वरून पाहिलेले डोके. परिघावरच्या दहा बिंदूंपासून मध्याकडे लाल रेघा ओढा, पण मध्याच्या थोडे अलीकडे थांबा. या धमन्या. आता दोन कमानी काढा, एक परिघाकडे उघडी आणि एक मध्याकडे उघडी. प्रत्येक कमान आपल्या आतल्या त्वचेकडे जाणाऱ्या किती लाल रेघा कापते ते मोजा. पहिल्या झडपेत रक्त देठातून येते, दुसरीत वाट तुटते. देठ कोणीकडे ठेवावा याचे उत्तर मुलांनी स्वतःच द्यावे.

३. मोठ्या वर्गातल्या विद्यार्थ्यांनी पेसमेकर, कानातले कॉक्लिअर इम्प्लांट आणि डोक्यात पाणी साठलेल्या बाळांना बसवतात ती नळी, यांतले एक उपकरण निवडावे. ते त्वचेखाली कोठे बसते, तिथे त्वचा किती जाड आहे आणि तिला रक्त कोणत्या बाजूने येते, हे जवळच्या डॉक्टरांना विचारून टिपून आणावे.